शिकाऊ वच्छलाबाई

आमच्या अंबाजोगाईच्या मॉलमध्ये वच्छलाबाई नावाची एक बाई कामाला आहे. गिऱ्हाइकाच्या ट्रॉलीत हात घालून आतली वस्तू काढायची आणि परत फळीवर ठेवून द्यायची, ही तिची कामाची पद्धत. दुकानात माणसं माल विकायला ठेवतात, अशी माझी तोपर्यंत समजूत होती.

मॉल हा शब्द गावानं दिलेला. खरं म्हणजे ते मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावरचं एक मोठं किराणा दुकान आहे. पण त्याचं दार आपोआप उघडतं आणि आत गेलं की अंगावर थंड हवा येते, म्हणून मॉल. तिथल्या सगळ्या बायका साडीवर निळा एप्रन घालतात. वच्छलाबाईंचा एप्रन त्यांना आखूड होतो आणि त्याचे बंद त्या कासोट्यासारखे मागे करकचून बांधतात.

पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या ट्रॉलीतली शॅम्पूची बाटली उचलली.

"मॅडम, हे कावून घेतलं?"

"लागतो म्हणून."

"मागल्या बारीला मोठी बाटली नेलती की तुमी. एकावर एक फुकट होती." मग त्यांनी माझ्या अंबाड्याकडे पाहिलं. "केस किती, अन् शाम्पू किती."

बाळांनो, तुमची आजी शिस्तीची बाई आहे. माझ्या स्वयंपाकघरात हळदीच्या डब्यात हळदच असते आणि कॉलेजात इंग्रजी शिकवताना माझ्या तासाला मागच्या बाकावरचीसुद्धा गप्प बसत. मी ट्रॉली तिथेच सोडली आणि थेट मॅनेजरकडे गेले. मॅनेजर लातूरकडचा, तरुण, टाय लावणारा. त्यानं वच्छलाबाईंना बोलावलं. त्या आल्या, त्यांनी छातीवरचा बिल्ला दोन बोटांनी उचलून त्याच्यापुढे धरला. बिल्ल्यावर नाव होतं आणि नावाखाली लिहिलं होतं, 'शिकाऊ'.

"मला काय इचारता साहेब? मी शिकाऊ हाय. चुकतंय कधी कधी."

डोक्याचे केस पांढरे, दुकान उघडलं तेव्हापासून तिथे कामाला, काउंटरवरच्या सगळ्या पोरी यांच्या हाताखाली तयार झालेल्या. मॅनेजर नवा आला तेव्हा गोदामाची किल्ली कुठल्या खिळ्याला असते, हेही यांनीच दाखवलेलं. तरी बिल्ला शिकाऊचा. आणि त्या बिल्ल्याचा त्यांनी असा उपयोग करून घेतला होता की विचारू नका. साखर महाग कावून झाली? मी शिकाऊ हाय. एसी बंद का? मी शिकाऊ हाय. एकदा पांढरेशुभ्र कपडे घालून तालुक्यातले एक पुढारी आले, मागे चारपाच माणसं. निवडणूक जवळ होती. हात जोडून म्हणाले, "मावशी, लक्ष असू द्या."

"मी शिकाऊ हाय दादा," वच्छलाबाई म्हणाल्या. "पर्मनंट झाल्यावर सांगते." आणि त्यांच्या टोपलीतला काजूकतलीचा डबा काढून फळीवर ठेवला. "वहिनी सांगून गेल्यात. तुमाला साखर हाय."

पुढारी हसले आणि डबा न घेता गेले. हे कळलं तेव्हा मला वच्छलाबाईंचं कौतुक वाटलं नाही. मला ही बाई आवडत नव्हती, आणि न आवडायला माझ्याकडे पुष्कळ कारणं होती.

पहिलं कारण तुमचे आजोबा. लग्न झाल्यापासून मी त्यांना सांगत आले की बाकरवडी खाऊ नका, पित्त होतं. त्यांनी कधी ऐकलं नाही. एके दिवशी ते मॉलमधून रिकाम्या हातानं आले. मी विचारलं, बाकरवडी मिळाली नाही का? म्हणाले, "होती. पण वच्छलाबाई म्हणाल्या, साहेब, आता वय झालं." एवढंच. तेव्हापासून बाकरवडी बंद. मी एवढी वर्षं जे सांगत होते ते यांना एका बाईनं दोन फळ्यांच्या मधे उभं राहून सांगितलं आणि पटलं. वर मलाच सांगतात, "बाई मोठी विचारी आहे."

दुसरं कारण तुम्ही दोघं.

मागच्या डिसेंबरात तुम्ही आलात तेव्हा मी किती तयारी केली होती. गोष्टींची पुस्तकं काढून ठेवली, योगेश्वरीच्या देवळात न्यायचा दिवस ठरवला, मीरासाठी पोलकं शिवून घेतलं. आणि दुसऱ्याच दिवशी मी तुम्हाला मॉलमध्ये नेलं, ती माझी चूक. ईशाननं चॉकलेटची बरणी उचलली, वच्छलाबाईंनी ती काढून घेतली. मला वाटलं, आता हा रडेल. पण वच्छलाबाईंनी मीराला उचलून पोत्यांच्या काट्यावर बसवलं, बटण दाबलं, तूरडाळीचा भाव लावला आणि जी चिठ्ठी बाहेर आली ती मीराच्या फ्रॉकवर चिकटवली. मग ईशान. त्याला बासमतीचा भाव. "तू महाग हायस," त्याला म्हणाल्या, "पण तूरडाळ शिजायला चिवट."

झालं. त्या दिवसापासून तुम्हाला दुसरं काही दिसेना. देऊळ नको, पुस्तक नको, पोलकं टोचतं. रोज सकाळी मॉल. वच्छलाबाई युसूफ वडगावहून काळीपिवळी जीपनं यायच्या, तर येताना पदरात ज्वारीचा हुरडा बांधून आणू लागल्या. गोदामाच्या दाराशी बसून तुम्ही तो खायचात, मॅनेजर पाहून न पाहिल्यासारखं करायचा आणि मी ट्रॉलीला धरून उभी असायचे. मीरानं एकदा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. माझ्या मांडीवर ठेवलेलं मला आठवत नाही.

तुम्ही परत गेलात. पुढच्या रविवारी फोन आला. मी केस नीट केले, चष्मा पुसला, पडद्यावर तुमची तोंडं दिसली, आणि मीरा म्हणाली, "आजी, वच्छामावशीला विचार ना, तूरडाळ आता कितीला?"

मी सांगितलं, महागली. मीरा, तू आनंदानं उड्या मारल्यास.

तेव्हा मी ठरवलं होतं की आता सामान कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणायचं. पण त्याच आठवड्यात वच्छलाबाईच माझ्या दारात उभ्या राहिल्या. एप्रन नव्हता, त्यामुळे मला क्षणभर ओळखू आल्या नाहीत. बाहेर चप्पल काढून, ती नीट जोडीनं लावून आत आल्या. हे मात्र मला बरं वाटलं.

"मॅडम, संक्रांतीचं हळदीकुंकू करता ना तुमी?"

"दरवर्षी करते."

"आवंदा आमच्या दुकानातल्या बायका बोलवा. समद्या."

मी विचारलं, का. तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते आधी मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. दुकानातल्या बायकांना दुकान पगारावर ठेवत नाही. मधे एक कंत्राटदार आहे. त्याचं नाव वेगळं, पण बायका त्याला मुकादम म्हणतात, कारण ऊसतोडीला माणसं नेणारा मुकादम त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. हा मुकादम अकरा महिन्यांसाठी नेमतो. अकरा महिने झाले की 'ब्रेक'. घरी बसायचं. मग परत बोलावतो, नवा बिल्ला देतो आणि पुन्हा पहिल्यापासून शिकाऊ. असं कितीही वर्षं. रजा नाही, आठवड्याची सुट्टी नाही, आजारी पडलं तर त्या दिवसाचा पगार नाही.

"बीडच्या कामगार हापिसात गेलते मी," वच्छलाबाई म्हणाल्या. "ते म्हणले, युनियन करा. समद्यांच्या सह्या आणा. आता सह्या आणू कुठून? दुकानात दोघी बोलताना दिसल्या की वरच्या कॅमेऱ्यात बघून साहेब येतोय. सुटलं की ज्याची त्याची जीप. घरी गेलं की सासू, नवरा. बाईला कुणी सोडीना मीटिंगला. पण हळदीकुंकवाला न्हाई म्हणायची कुणाची छाती हाय?"

"मग तुमच्याच घरी का नाही ठेवत?"

"मालक गेल्याला लई दिस झाले, मॅडम. माझ्या घरी हळदीकुंकू कसं होईल?"

त्यांनी ते सरळ सांगितलं, जसं गहू संपला म्हणून सांगावं. मी हो म्हटलं. आता खरं लिहायचं तर माझ्या मनात एवढंच आलं की चला, इथे तरी यजमानीण मी आहे. दुकान तुमचं असेल, बैठकीची खोली माझी.

मी खुर्च्या मांडल्या, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या, तिळाच्या वड्या एकाच मापाच्या कापल्या. दरवर्षी माझ्याकडे कॉलनीतल्या आठदहा जणी येतात, अत्तर लावतात आणि एकमेकींच्या सुनांबद्दल बोलून जातात. त्या दिवशी माझ्या घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. काउंटरवरच्या, गोदामातल्या, फरशी पुसणाऱ्या, सगळ्या आल्या. आल्या त्या मला नमस्कार करून सरळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वच्छलाबाईंकडे गेल्या. कुठं बसू? वच्छामावशीला विचार. पाणी? वच्छामावशी. मी माझ्याच घरात पाहुणी होते. एका पोरीनं तर मला विचारलं, "तुमी पण दुकानात लागलाय का नव्यानं?"

सह्यांचा कागद वाणाच्या ताटाखाली होता. वाटी घ्यायची, सही करायची. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठा हळदीतच बुडवला. माझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर तो डाग अजून आहे.

निम्म्या सह्या झाल्या असतील, तोच दारात मॅनेजरची बायको. तिला कुणीतरी हळदीकुंकवाचं सांगितलं होतं आणि ती आपली चांगल्या मनानं आली होती, गुलाबी साडी नेसून. हळदीत बुडवलेला एकीचा अंगठा तसाच वर राहिला. फरशी पुसणारी कांता तर वाटी घेऊन पडद्यामागे गेली. मी काही बोलायच्या आत वच्छलाबाई पुढे झाल्या, तिळगुळाचं मोठं ताट त्या बाईच्या दोन्ही हातांत दिलं आणि म्हणाल्या, "या वहिनी. जरा धरा. आमचे हात गुंतल्यात."

हळदीकुंकवाचं ताट खाली कसं ठेवणार? ती तशीच दारात ताट धरून उभी राहिली आणि तिच्या देखत बाकीच्या सह्या झाल्या. ती सगळं वाचत होती, ते मला दिसत होतं. शेवटी तिनं ताट माझ्याकडे दिलं, वाण घेतलं आणि जाताना वच्छलाबाईंच्या कानाशी वाकून म्हणाली, "आमच्या मिस्टरांचंही अकरा महिन्यांचंच आहे हो."

त्यावर जे हसू फुटलं ते थांबेना. मग उखाणे सुरू झाले. काउंटरवरच्या एकीनं घेतला:

"तिळाच्या वडीवर खोबऱ्याचा कीस,
गणेशरावांना सांगते, मला पायजे सुट्टीचा एक दीस."

मग प्रत्येकीच्या उखाण्यात नवऱ्याच्या नावाबरोबर काही ना काही मागणी यायला लागली. कुणाला बसायला स्टूल, कुणाला पगारी रजा. एकीला गोदामात पंखा हवा होता आणि तो यमकात बसेना, म्हणून सगळ्यांनी मिळून बसवला. मी माझा नेहमीचा, चांदीच्या वाटीचा उखाणा घेतला. तो नीट होता. कुणी हसलं नाही.

मग एक पोर बेसावधपणे म्हणाली, "मावशी, आता तुमी." म्हणाली आणि तिनं जीभ चावली. नवरा नाही त्या बाईला कुणी उखाणा घ्यायला सांगत नाही. वच्छलाबाई पदराला हात पुसत होत्या. त्या पुसतच राहिल्या आणि म्हणाल्या:

"उसाच्या पाचटावर पहाटेचं दव,
तनूचं नाव घेते, पुढल्या साली तिला घरी ठेव."

तनू कोण, ते मला ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं. तनू त्यांची नात, आजीला मोठीमाय म्हणणारी. मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात, कर्नाटकाच्या बाजूला, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. पोरगी त्यांच्याबरोबर जाते. फडाच्या कडेला पाचटाची कोपी, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची झोपडी, घालतात, तिच्यात राहते. इकडे शाळेत तिचं नाव आहे, तिकडे ती नाही. वच्छलाबाईंनी किती वेळा म्हटलं, पोर माझ्यापाशी ठेवा. पण दर वर्षी ब्रेक नेमका त्याच सुमाराला येतो. टोळी निघायच्या वेळेला ही बाई घरी बसलेली, परत बोलावणं येईल की नाही याचा पत्ता नाही. मुलगा म्हणतो, तुझंच काही पक्कं नाही, पोरगी कशाच्या भरवशावर ठेवू?

"किती मोठी आहे?" मी विचारलं.

"तुमच्या तूरडाळीएवढी," वच्छलाबाई म्हणाल्या.

आता तुम्हाला वाटेल की त्या दिवशी माझ्या मनातली अढी गेली. नाही गेली. उलट मला जास्तच राग आला. यांना स्वतःची नात आहे, मग माझी कशाला? आणि रविवारी तुम्ही पुन्हा पहिला प्रश्न तोच विचारलात.

युनियन झाली. बीडला नोंद झाली, दुकानाला पत्र गेलं. मॅनेजर टाय सैल करून फिरू लागला. मग एके दिवशी वरून माणसं आली आणि त्यांनी वच्छलाबाईंना एकटीला आत बोलावलं. त्या बाहेर आल्या तेव्हा मी मसाल्याच्या फळीपाशी होते. माझ्या ट्रॉलीत हात न घालता त्या नुसत्या उभ्या राहिल्या, म्हणून मी ओळखलं की काहीतरी झालंय.

"मला पर्मनंट करतेत," त्या म्हणाल्या. "सुपरवायझर. मुकादमाचा संबंध न्हाई. ब्रेक न्हाई. युनियनमधून नाव काढायचं फकस्त."

"आणि बाकीच्या?"

"त्यांचं मागाहून बघू म्हणले."

मी म्हटलं, वच्छलाबाई, घ्या. मी अगदी मनापासून म्हटलं. तनू घरी राहील. शाळेत जाईल. एवढ्यासाठीच चाललं होतं ना? बाकीच्यांसाठी तुम्ही आत राहूनही भांडू शकाल. मी मुद्देसूद बोलले, वर्गात बोलायचे तशी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमचं बरोबर हाय. पण आमच्यात टोळी एका ट्रकात जाती अन् एका ट्रकात येती. एखाद्याचं काम आधी झालं म्हणून तो आधी घरी येत न्हाई. फडात बसून ऱ्हातो बाकीच्यांचं होईस्तोवर. तसं केलं न्हाई तर पुढल्या साली त्याला टोळीत कुणी घेत न्हाई."

"पण तुम्ही आता टोळीत नाही."

"मग ह्या कोण हायेत?" त्यांनी काउंटरकडे हनुवटी केली.

आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मी असतो तर घेतलं असतं." मीही घेतलं असतं. त्या दिवशी मला त्या बाईचा हेवा वाटला तो वेगळाच होता. तिला मिळालेल्या कशाचा नव्हता. तिला नाही म्हणता आलं, त्याचा होता. आणि तनूचा विचार मनात आला की पुन्हा चीड यायची.

उन्हाळ्यात टोळी आली. पावसाळा गेला. दसऱ्याला वच्छलाबाईंचे अकरा महिने भरले आणि या वेळेला मुकादमानं सांगितलं, परत येऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवाळीचं सामान आणायला गेले, तर सगळ्या बायका एप्रन घालून दाराबाहेर, ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी बसलेल्या. मधे वच्छलाबाई. आपोआप उघडणारं दार कुणी नसताना उघडत होतं आणि मिटत होतं. आत मॅनेजर एकटा, एका काउंटरवरून दुसऱ्यावर धावत होता.

"दिवाळीच्या तोंडावर?" मी म्हटलं. "लोकांची गैरसोय होईल."

"म्हणून तर," वच्छलाबाई म्हणाल्या. "कारखाना सुरू व्हायच्या आधीच कोयता खाली ठिवायचा असतोय. एकदा धुराडं पेटलं की कोण इचारतंय?"

त्यांना घोषणा देता येत नव्हत्या. एकीनं दोनतीनदा 'विजय असो' म्हणून पाहिलं, पण कुणाचा ते तिला सुचेना. म्हणून मग त्या गप्पा मारत बसायच्या आणि जे गिऱ्हाईक आत जायला निघेल त्याला विचारायच्या, "काय घ्यायचंय? रवा? आठ दिस थांबा की, लगीच लाडू कुठं करताय." लोक खरंच परत जायचे. तुमचे आजोबा घरून घडीची खुर्ची घेऊन गेले आणि त्यांच्यात बसले. दुपारी जेवायलासुद्धा आले नाहीत. मला डबा न्यावा लागला. डबा उघडल्यावर वच्छलाबाई म्हणाल्या, "साहेबांच्या भाजीत तेल लई घालता, मॅडम." मला राग आला. पण बसले. ट्रॉल्यांच्या सावलीत, माझ्या नीट घडी घातलेल्या रुमालावर, संध्याकाळपर्यंत बसले.

लाडवांची वेळ अगदी येऊन ठेपली तेव्हा वरची माणसं पुन्हा आली. या वेळेला सगळ्यांशी बोलली. कायम करण्याचं पत्र काही मिळालं नाही, त्याच्या तारखा अजून बीडला चालू आहेत. पण ब्रेक बंद झाला, सगळ्यांचा, लेखी. आठवड्याची सुट्टी मिळाली. वच्छलाबाई कामावर परत आल्या. बिल्ला तोच आहे. तुमच्या आजोबांनी पेढे वाटले आणि स्वतः खाल्ले नाहीत, कारण समोर कोण उभं होतं ते तुम्हाला कळलंच असेल.

दिवाळी झाली आणि टोळीचा ट्रक गेला. तनू राहिली.

हे मला काउंटरवरच्या पोरींनी सांगितलं. वच्छलाबाई त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. ट्रॉलीतलं सामानही त्या आठवड्यात त्यांनी काढलं नाही. मी ट्रॉलीत टाकलेला बिस्किटांचा मोठा पुडा तसाच घरी आला. मला ते चमत्कारिक वाटलं. म्हणून त्यांच्या सुट्टीच्या दिवशी मी फराळाचा डबा घेतला आणि काळीपिवळीनं युसूफ वडगावला गेले.

घर लहान, सारवलेलं, स्वच्छ. दारात एक मुलगी पाठ करून बसलेली. वच्छलाबाई मला आत घेऊन गेल्या आणि हळू म्हणाल्या, "ट्रक गेला तवापासून माझ्याशी बोलंना. जेवती, शाळंत जाती, सांगितलं तेवढं करती. बोलत न्हाई. मायबरुबर जायचं होतं तिला. मी धरून ठिवली." मग चुलीकडे वळून म्हणाल्या, "साऱ्या गावाची पोरं माझ्या अंगाखांद्यावर ऱ्हातेत, मॅडम. हिलाच कसं करावं, कळंना."

मी दारात तनूशेजारी जाऊन बसले. काही विचारलं नाही. पर्समधून फोन काढला आणि तुमचे फोटो पाहत बसले. थोड्या वेळानं तिचं डोकं वळलं.

"हे कोण?"

"माझी नातवंडं. लांब राहतात."

"किती लांब?"

"विमानानं जावं लागतं."

ती जरा सरकली. "ह्याच्यात माझी माय दिसती का?"

मी सांगितलं की आईपाशी फोन असेल आणि तिथे रेंज असेल तर दिसेल. आज नाही, पण कधीतरी दिसेल. तिनं बराच विचार केला. मग ती बोलू लागली. शाळेतलं, कोपीतलं, ट्रकमध्ये कुणाच्या मांडीवर बसतात ते, तिच्या कुत्र्याचं. बोलता बोलता ती माझ्या दंडाला टेकली आणि मीराच्या फोटोतली बर्फाची टेकडी बोटानं मोठी करून पाहू लागली. "तुमी रोज येताल का?" तिनं विचारलं.

मी वर पाहिलं. वच्छलाबाई चहाचं पातेलं सांडशीत धरून उभ्या होत्या. पोरीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. हसत होत्या, पण ओठांनीच. बाळांनो, तो चेहरा मी लगेच ओळखला. वर्षभर दर रविवारी फोन ठेवल्यावर माझ्या कपाटाच्या आरशात तो मला दिसत आला आहे.

मी संध्याकाळपर्यंत थांबणार होते. उठले.

"चहा झालाय की," वच्छलाबाई म्हणाल्या.

"नको. साहेब एकटे आहेत." आणि तनूला म्हटलं, "मला नाही गं जमायचं रोज. मी म्हातारी आहे, गुडघे दुखतात. हा डबा तुझा. चकल्या आहेत."

डबा तिच्या हातात द्यायच्या आधी मी त्याचं झाकण पुन्हा एकदा लावलं. तळहात वर ठेवून, माझ्या अंगात होतं नव्हतं ते सगळं बळ लावून दाबून बसवलं. मग चप्पल घातली आणि फाट्याकडे निघाले.

शेजारच्या कडब्याच्या गंजीपर्यंत गेले असेन. मागे वळले नाही. डबा जमिनीवर आपटल्याचा आवाज आला, पुन्हा एकदा आला, मग काही वेळ काहीच नाही. आणि मग पोरीचा, जरा रागातलाच:

"मोठीमाय, हे निघंना."